वकील, कबड्डीपटू आणि बाबा : स्मरणिका काढताना सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांनी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आयुष्यभर वकिली केली. तरुणपणी ते कबड्डी खेळले, उजव्या कोपऱ्यावर. साठी उलटल्यावरही पहाटे उपवनहून येऊरचा चढ धावत चढायचे. पहिल्या वर्षश्राद्धाला तुम्हाला स्मरणिका काढायची आहे. भाऊ म्हणतो गाजलेल्या खटल्यांची यादी द्यावी. आई म्हणतात, ते कोर्टकचेरीचं नको. आणि शोकसभेतली भाषणं ऐकताना तुम्हाला वाटलं, यातलं एकही वाक्य फक्त बाबांचं नव्हतं.

मी ठाण्यातच वकिली केली. बारमधल्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेतल्या, दिवंगत सहकाऱ्यांच्या आणि इथल्या काही क्रीडा मंडळांच्या स्मरणिका बरीच वर्षं संपादित करत आलो आहे. त्यावरून सांगतो : लिहायला हवा तेवढा वेळ घ्या, पण गोळा करायला आजच निघा. घरचे लोक नेमकं उलट करतात. अगोदर लेख मागवतात, छपाईवाल्याशी बोलतात, मुखपृष्ठ ठरवतात. आणि ज्यांच्याकडे खरा ऐवज असतो ती माणसं तोवर अंथरुणाला खिळलेली असतात किंवा राहिलेली नसतात. फोटो कुठे जात नाहीत, ते शेवटी बघितले तरी चालतात. सगळ्यात आधी जातात ते बाबांच्या वयाचे खेळाडू. त्यामागून जातात कपाटातले कागद, कारण ऑफिसची जागा रिकामी करायची असते आणि रद्दीवाला दारात उभा असतो.

म्हणून पहिला फोन कबड्डीच्या संघातल्या माणसाला करा. कप्तानाला नको, त्याने आजवर पुष्कळ भाषणं केलेली असतात. उजव्या कोपऱ्याशेजारी जो खेळायचा, साखळीत ज्याचा हात बाबांच्या हातात असायचा, त्या माणसाला शोधा. बचाव करणाऱ्याची किंमत गुणफलकावर नीट उमटत नाही. चढाईपटूने किती गुण आणले ते पेपरात यायचं. कोपऱ्याने किती वेळ वाट पाहिली, पाय पुढे येईपर्यंत कसा दम धरला, चुकीच्या क्षणी झेप घेण्याचा मोह कितीदा आवरला, हे शेजारच्या खेळाडूलाच ठाऊक असतं. त्यांना ‘बाबा कसे होते’ असं विचारू नका. विचारा : पकड करायच्या आधी ते तुम्हाला काही खूण करायचे का? हात दाबायचे का? पकड फसली आणि लोण चढला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, की काय बोलायचे? मातीच्या मैदानावर ढोपरं फुटायची, त्यावर काय लावायचे? सोमवारी कोर्टात उभं राहायचं असेल तर रविवारी खेळायचे का? या प्रश्नांना उत्तरं मिळतात. ‘कसे होते’ला मात्र ‘देवमाणूस होते’ एवढंच मिळतं.

हे खेळाडू सापडत नसतील तर मंडळांच्या कार्यालयांत जा. चरईतलं श्री मावळी मंडळ, आर्य क्रीडा मंडळ यांसारख्या जुन्या मंडळांमध्ये संघांच्या याद्या, ढालींवर कोरलेली सालं आणि भिंतीवरचे सामूहिक फोटो असतात. बाबा ज्या मंडळाकडून खेळले तिथून सुरुवात करा. तिथे काही नसेल तर ज्यांच्याविरुद्ध खेळले त्या मंडळात विचारा. ‘ठाणेवैभव’, ‘सन्मित्र’ अशा ठाण्याच्या वर्तमानपत्रांचे जुने अंकही बघा. मोठ्या दैनिकांत निकालाची एक ओळ आली तर आली. स्थानिक पेपरात खेळाडूंची नावं मिळण्याची आशा जास्त. फोटो मिळाला की मागच्या बाजूचाही फोटो काढा. तारीख, गाव, फोटोवाल्याचा शिक्का, काही ना काही असतंच. आणि व्हॉट्सअॅपवर तो नुसता फोटो म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. नाहीतर छापताना चेहरे ओळखू येत नाहीत.

एका गोष्टीत मी कडक आहे. जिल्ह्याकडून खेळले असतील तर जिल्ह्याकडूनच लिहा. शोकसभेत कुणीतरी भरात ‘राष्ट्रीय खेळाडू’ म्हणून जातो, ते स्मरणिकेत उतरतं, आणि मग संघातला जुना माणूस ते वाचून गप्प होतो. त्याचा पुढच्या पानांवरचा विश्वास तिथेच उडतो. प्रमाणपत्र हाती असेल तेवढंच लिहा. जिल्ह्याच्या संघात निवड होणं त्या काळीही सोपं नव्हतं, ते फुगवायची गरज नाही.

धावण्याविषयी फार शोधाशोध करू नका. महापौर वर्षा मॅरेथॉनचे छातीवर लावायचे नंबर आईंनी जपले असतील तर त्यातला एखादा छापा, आणि येऊरला रोज भेटणाऱ्या दोघातिघांशी बोला. ते बहुतेक वकिलीशी संबंध नसलेले लोक असतात. बाबा खटल्यांबद्दल त्यांच्याशी बोलत नसतील, म्हणून दुसरंच काहीतरी बोलत असतील. ते काय, तेवढं मिळवा.

आता कोर्ट. इथे तुमचा भाऊ आणि आई दोघांचंही मला पटतं. ज्याच्या आयुष्यातले बहुतेक दिवस न्यायालयात गेले त्याच्या आठवणीतून न्यायालय वगळता येत नाही. पण खटल्यांची यादी कुणी वाचत नाही, आणि ती छापणं बऱ्याचदा योग्यही नसतं.

का, ते सांगतो. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने उघड करायची नाही हा कायदा आहे. आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. बाबांनी ते आयुष्यभर पाळलं असेल, तर त्यांच्या नावाने निघणाऱ्या पुस्तकानेही पाळायला हवं. घटस्फोट, वाटणीचे दावे, फौजदारी खटले यांत अशिलाचं नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील अजिबात नको, निकाल जाहीर असला तरी. निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव तुम्ही कौतुकाने छापाल. पण त्याच्या सुनेला कदाचित तो खटला माहीतही नसेल. अशील स्वतः लिहायला तयार असेल तर प्रश्न मिटला. त्याच्याकडून लेखी होकार घ्या, आणि तो सांगेल तेवढंच छापा.

याच संदर्भात, विचारलं नाहीत तरी सांगतो. ऑफिसात अजून फायली असतील तर त्या रद्दीत घालू नका आणि आठवण म्हणून घरीही ठेवू नका. वकील वारला की त्याचं वकीलपत्र तिथेच संपतं; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ मध्ये तसं स्पष्ट आहे. अशिलाला दुसरा वकील नेमावा लागतो आणि त्याला ते कागद लागतात. फी राहिली असली तरी फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलेलं आहे. बाबांच्या ज्युनिअरला बसवून फायलींची यादी करा, अशिलांना फोन लावा, फाइल द्या, पोच घ्या. बाबांना याहून मोठी श्रद्धांजली मला तरी सुचत नाही. शिवाय फाइल न्यायला आलेली माणसं दारात उभी राहून जे बोलतात ते शोकसभेत कुणी बोललेलं नसतं. त्या दिवशी जवळ वही ठेवा.

मग वकिलीबद्दल लिहायचं काय? काम कसं करायचे ते. त्यासाठी तीन माणसं गाठा. पहिला त्यांचा कारकून. बाबांच्या डायरीत तारखा त्यानेच मांडल्या, तारीख घ्यायला तोच धावला, कुणाची फी माफ झाली हेही त्यालाच ठाऊक. दुसरा कोर्टाचा कर्मचारी : निवृत्त शिरस्तेदार, बेलीफ किंवा पट्टेवाला. वकील न्यायाधीशांशी कसा बोलतो यावरून काही कळत नाही. पट्टेवाल्याशी कसा बोलतो यावरून सगळं कळतं. आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, त्यांच्याविरुद्ध नेहमी उभा राहणारा वकील.

शोकसभेत बाबांना ‘अजातशत्रू’ म्हटलं गेलं, असं तुम्ही लिहिलंय. चांगल्या भावनेनेच म्हटलं असणार. पण ज्याचं कामच समोरच्याचं म्हणणं खोडून काढण्याचं, त्याला हे विशेषण शोभत नाही, आणि त्यात त्याच्या कामाचा मानही राहत नाही. बाबा उलटतपासणीत कसे होते ते विरोधी वकिलाला विचारा. आवाज चढवायचे का? साक्षीदार म्हातारा असेल, घाबरला असेल तर काय करायचे? समोरचा वकील आजारी असताना तारखेला विरोध केला का कधी? दावा हरल्यावर बाहेर चहाला यायचे का? दिलेला शब्द लेखी नसला तरी पाळायचे का? कोर्टात माणसाची पत ठरते ती याच गोष्टींवर, आणि ती पत सांगण्याचा अधिकार विरोधकालाच असतो. त्याच्याकडून आलेलं अर्धं पान मी स्मरणिकेत सगळ्यात आधी छापेन.

कागदोपत्री आधार हवा असेल तर दोन जागा आहेत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने किंवा सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, क्रमांकाने प्रकरणं शोधता येतात. जुनं सगळं तिथे नसतं, पण शेवटच्या वर्षांचा अंदाज येतो. दुसरी जागा म्हणजे रोजनामा. प्रत्येक तारखेला कोण हजर, काय झालं, ते त्यात दोन ओळींत असतं. उच्च न्यायालयातल्या वकिलांची नावं निकालांच्या छापील ग्रंथांमध्ये सापडतात. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाचं सगळं आयुष्य या रोजनाम्यांमध्ये मुरलेलं असतं, आणि ते कुठल्याही ग्रंथात येत नाही. तुमच्या स्मरणिकेची खरी गरज मला वाटते ती त्यासाठीच.

तुम्ही लिहिलंय की बाबांनी घणसोली, कोपरखैरणे भागातल्या शेतकऱ्यांची भूसंपादनाची प्रकरणं चालवली. ही बाजू मोठी आहे, तिला दोन-तीन पानं द्या. पण आधी वाचणाऱ्याला संदर्भ द्या, नाहीतर तुमच्या मुलांनाच ते कळणार नाही. सिडको, म्हणजे नवी मुंबई उभारणारं सरकारी महामंडळ, तिची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठीचा लढा रस्त्यावरही झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती याच लढ्यातून.

दुसरा लढा न्यायालयातला, शांतपणे चाललेला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली शेतकऱ्याने मुदतीत अर्ज केला तर मोबदल्याचा प्रश्न जिल्हा न्यायालयाकडे जायचा. आम्ही त्याला नुसतं ‘रेफरन्स’ म्हणत असू. पण बरेच शेतकरी अर्जच करू शकले नाहीत. कुणाला नोटीस कळली नाही, कुणाकडे कोर्ट फीचे पैसे नव्हते. १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आलं : एकाच अधिसूचनेतल्या एका शेतकऱ्याला न्यायालयाने वाढीव दर दिला, तर ज्यांनी कलम १८ चा अर्ज केला नव्हता त्यांनाही त्या निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो दर मागता येत असे. निवाड्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस या तीन महिन्यांत धरत नसत. तीन महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. गावात ही बातमी पोचून, सातबारा काढून, वारसांच्या सह्या जमवून अर्ज दाखल होईपर्यंत ते संपलेले असत. ज्या वकिलाने आपल्या एका अशिलाचा निकाल लागल्यावर गावात जाऊन बाकीच्यांना ‘तुमचाही हक्क आहे, या तारखेच्या आत या’ असं सांगितलं, त्याने काय केलं हे त्या कुटुंबांना नेमकं माहीत असतं. बाबांनी असं केलं होतं का, हे गावात जाऊन विचारा. केलं असेल तर तो लेख त्या गावातल्याच माणसाने सांगावा आणि तुम्ही फक्त उतरवून घ्यावा, त्याच्या आगरी बोलीसकट. ती प्रमाण मराठीत सोलून ठेवू नका.

आणि नसेल केलं तर नाही लिहायचं. रेफरन्स चालवले असतील तर ‘रेफरन्स चालवले’ लिहा, ‘आंदोलनाचे आधारस्तंभ’ नको. त्या गावांत कोण कुठे होतं हे लोकांना पक्कं आठवतं.

आता आईंचं. ‘ते कोर्टकचेरीचं नको’ यामागे काय आहे ते त्यांना शांतपणे विचारा. माझा अनुभव असा की वकिलाच्या बायकोला कोर्टाचा राग नसतो. कोर्टाने घरातला जो वेळ नेला त्याची बोच असते. रात्री साडेअकराला फायली उघडलेला माणूस, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला न आलेला माणूस, दिवाळीच्या सुट्टीत संघाबरोबर सांगली-कोल्हापूरकडे गेलेला माणूस. बाबा असे असतील तर तेही स्मरणिकेत यावं, दोन ओळीत का होईना, आणि आईंच्याच शब्दांत. कुटुंबवत्सल हा शब्द सगळे वापरतात. त्यांनी वेळ कुठून काढला आणि कुठे काढला नाही, हे लिहिलंत तरच वाचणाऱ्याला तो खरा वाटेल.

आईंशी बोलताना समोर मोबाइल ठेवून ‘आता सांग’ असं करू नका, त्या दोन वाक्यांत संपवतील. कपाट आवरायला बसा, काळा कोट बाहेर काढा, गळ्याचा पांढरा बँड कोण धुवायचं आणि इस्त्री कोण करायचं ते विचारा. कोर्टातून आल्यावर आधी काय करायचे? खटला हरलेला दिवस घरात कसा कळायचा? भाजी कुठली आवडायची नाही? पगार नसलेल्या घरात, कधी पैसे आले कधी नाही, महिना कसा निघायचा? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. तरुण वकिलाच्या पहिल्या दहा वर्षांत घर कोण चालवतं याची नोंद कुठल्याही सत्कारात होत नाही. तुमच्या आईंनी शिकवण्या घेतल्या असतील, नोकरी केली असेल, दागिने ठेवले असतील. ते बाबांच्याच आयुष्याचा भाग आहे. मात्र छापायच्या आधी आईंना प्रत्येक ओळ वाचून दाखवा, आणि त्या ‘हे काढ’ म्हणाल्या तर कारण न विचारता काढा.

आजारपणावर एक परिच्छेद पुरे. शेवटचे महिने घरच्यांच्या डोळ्यांसमोर इतके ठळक असतात की अर्धी स्मरणिका रुग्णालयातच जाते, आणि बाकीचं सगळं आयुष्य उरलेल्या पानांत कोंबावं लागतं.

लेख मागवताना ‘बाबांविषयी चार शब्द लिहा’ असा निरोप पाठवू नका. त्याला उत्तर म्हणून मनमिळाऊ, हसतमुख आणि ‘अपरिमित हानी’ येते. प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवा, त्यालाच ठाऊक असेल असा. ज्युनिअरला : पहिल्यांदा एकट्याने उभं केलं तो दिवस. येऊरच्या सोबत्याला : चढावर कोण मागे राहायचं. भावाला, म्हणजे तुमच्या भावाला : बाबांनी ओरडलेलं एक आठवतं का. तीनशे शब्दांची मर्यादा घाला, आणि कापायचा अधिकार तुमच्याकडे ठेवा. पुढाऱ्यांचे शोकसंदेश घेऊच नका. एकाचा घेतला की चौघांचे घ्यावे लागतात, आणि पहिली आठ पानं तिथेच जातात.

मांडणीबद्दल माझं मत ठाम आहे. ‘वकील’, ‘खेळाडू’, ‘कुटुंबप्रमुख’ असे तीन विभाग करू नका. प्रत्येक वाचक आपला विभाग वाचतो आणि मिटून ठेवतो. जागांप्रमाणे मांडा : नौपाड्यातलं घर, कोर्ट नाका, मंडळाचं मैदान, घणसोली-कोपरखैरणे, उपवन ते येऊर. घराच्या भागात अशील येतात, मैदानाच्या भागात बारमधले मित्र येतात, येऊरच्या भागात तुमचा मुलगा आजोबांबरोबर चालताना येतो. एकाच माणसाला सगळे वेगवेगळ्या दारांतून भेटतात.

सुरुवातीला एक पान जीवनपटाचं, साल आणि घटना. तारखा तोंडी घेऊ नका. सनदेची तारीख सनदेवरून, पदवीची पदवीपत्रावरून. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर थांबा; आपल्याकडे एका पिढीच्या अर्ध्या मुलांना मास्तरांनी तीच तारीख दिली आहे. आत्याबाईंना तिथी आठवते का विचारा, आणि दोन्ही छापा.

आकार चार फर्म्यांचा, म्हणजे चौसष्ट पानांचा ठेवा. त्याहून वाढू लागलं की मजकूर सैल होतोय असं समजा. मुखपृष्ठावर कोटातला फोटो की मैदानावरचा, हे तुम्ही दोघा भावंडांनी भांडण्यापेक्षा आईंवर सोडा.

प्रती किती काढायच्या ते आमंत्रणांच्या यादीवरून ठरेलच, पण पाच-सहा प्रती बाजूला काढा. एक बार रूमच्या ग्रंथालयाला, एक मंडळाला, एक घणसोलीच्या ज्या घराने लेख सांगितला त्यांना. आणि एक मराठी ग्रंथसंग्रहालयाला द्या. १८९३ पासून ठाण्यात आहे, तिथे ठाण्याच्या माणसांविषयीचं काही शोधायला पुढेही कुणी येत राहील. मजकूर जुळून आला की कायद्याचा भाग मला पाठवा. अशिलांची ओळख कुठे उघडी पडत नाही ना, तेवढं मी वाचून देतो.